दुनळी तुझ्या नावावर होण्याआधी

नागपूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू बदलीवर नागपूरला आलीस की घरातली बारा बोरची दुनळी तुझ्या नावावर करायची, हे ठरलंच आहे. परवान्याचं शेवटी लिहितो, आधी बंदुकीचं. माझा आग्रह एकच आहे: ती आहे तशी राहू दे. जुन्या इंग्लिश बंदुकांचं जेवढं नुकसान गंजानं केलं, तेवढंच 'नव्यासारखी करून देतो' म्हणणाऱ्या हातांनी केलं आहे.

सुरुवात ती वाचण्यापासून कर. लिव्हर उजवीकडे दाबून बंदूक उघड. दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही पाहा. ती पूर्ण उघडली की आतले घोडे आपोआप चढतात. ही रचना अँसन आणि डीली या दोघांची, वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातली, १८७५ सालची. आपली वेब्ली अँड स्कॉटची बॉक्सलॉक (घोडे-स्प्रिंगा दस्त्यापुढच्या पोलादी पेटीतच बसवलेली बंदूक) त्याच रचनेची आहे. मग बंद करून नळ्यांखालचा लाकडी फोरएंड काढ, पुन्हा लिव्हर दाब आणि नळ्या बिजागरीच्या पिनेवरून उचल. घोडे पडलेले असताना उतरवलीस तर परत जोडताना अडते, तेव्हा जोर लावू नकोस.

नळ्यांच्या बुडाशी खालच्या सपाट भागावर बारीक ठसे आहेत. मुकुटाखालचं 'एनपी' म्हणजे धूररहित दारूसाठी, नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून केलेली प्रूफ चाचणी. १९५४ नंतर बर्मिंगहॅमच्या चाचणीघरानं 'बीएनपी' वापरलं, आपली त्याआधीची. हा ठसा नसलेली, फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली बंदूक आजच्या काडतुसांना चालत नाही, नळ्या कितीही जाड दिसोत.

दुसरा आकडा चेंबरच्या लांबीचा: अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर. यात पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचं काडतूस घालायचं नाही. गंमत अशी की ते आत सहज जातं, बंदूक बंदही होते. डब्यावरची लांबी उडालेल्या काडतुसाची असते. दुमडलेलं तोंड उलगडलं की ते चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिरतं, छर्ऱ्यांची वाट आवळतं आणि दाब वाढतो. म्हणून खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा डबा असो की बाहेरचा, त्यावरचं '६५' वाचल्याशिवाय घेऊ नकोस. छर्रे २८ ते ३० ग्रॅम पुरेत. ३६ ग्रॅमच्या माऱ्यानं बिजागरी ढिली होते आणि दस्त्याला मानेशी चीर जाते.

तिसरा ठसा १३/१. म्हणजे चाचणीच्या वेळी नळीचा आतला व्यास .७१९ इंच होता. तो वाढून .७२९ झाला की बंदूक प्रूफबाहेर गेली, म्हणजे ती जुनी चाचणी आता धरायची नाही. वाढतो कसा, तर गंजाचे खड्डे घालवायला आतून घासल्यानं. आरशासारखी चकचकीत नळी पाहून भुलायचं नाही, कारण खड्डा काढायचा म्हणजे त्याच्याभोवतीचा सगळा धातू काढायचा. नळीची जाडी सगळ्यात पातळ जागी ०.०२० इंच, साधारण अर्धा मिलिमीटर तरी हवी. हे बाहेरून कळत नाही, जाडी मोजायचा गेज असलेल्या गनस्मिथकडूनच मोजून घ्यावं लागतं. दुनळीत त्या अर्ध्या मिलिमीटरवर सगळं अवलंबून आहे, म्हणून कोणी 'पॉलिश' हा शब्द काढला की बंदूक उचलून परत घरी आण.

घरी करता येतील अशा तीन परीक्षा आहेत. फोरएंड काढून बंदूक बंद कर, दस्ता काखेत धर आणि नळ्या हलवून बघ. खुळखुळल्या किंवा नळ्या आणि ॲक्शन (नळ्या ज्यावर बसतात तो पोलादी भाग) यांच्यामधून उजेड दिसला, तर बिजागरी झिजली आहे. त्यावर इलाज जाड पीन किंवा नळ्यांखालच्या, पिनेवर अडकणाऱ्या हुकात भर घालणं. तिथे ठोकून घट्ट करून देणारे भेटतात, ते महिनाभर टिकतं. दुसरी परीक्षा आवाजाची. नळ्या हुकाला दोरी बांधून टांग आणि बोटाच्या पेरानं टिचकी मार. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी शाबूत. भदभद आवाज आला तर पट्टीचा कथलाचा डाग (जोड) सुटला आहे, आणि पट्टीखाली पाणी शिरून आतून गंज चालू असणार. तिसरी, खिडकीकडे धरून नळीतून बघ: उजेडाची वर्तुळं अखंड दिसायला हवीत. एखादं वर्तुळ मोडलं तर तिथे पोचा आहे. पोचा काढल्याशिवाय बार काढायचा नाही.

वरचा काळा रंग पुसट झालाय, तो तसाच असू दे. कोणी गरम क्षारांच्या टाकीत बुडवून निळसर करून देतो म्हणेल. दोन नळ्या आणि पट्ट्या कथलाच्या मऊ डागानं जोडलेल्या असतात, तो डाग त्या टाकीत खाल्ला जातो. दुनळीला हळूहळू गंज चढवून आणि घासून केलेलं काळं करणंच चालतं. स्क्रूंचं तेच. इंग्लिश स्क्रूच्या खाचा केसासारख्या बारीक, सगळ्या एका रेषेत बसवलेल्या. बाजारातल्या पेचकसानं पहिल्याच फेऱ्यात त्यांच्या कडा फुटतात. आतलं लॉक तू उघडायचं कारणच नाही.

नागपूरच्या हवेत दस्त्याला जपावं लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेला की अक्रोडाचं लाकूड आक्रसतं, जुलैत फुगतं. त्यात कूलर लावलेली खोली सगळ्यात वाईट, भर उन्हाळ्यात तिथे पावसाळा असतो. बंदुकीचं कपाट त्या खोलीत नको. कातडी पेटी फक्त प्रवासाला वापरायची, कारण कातडं ओल धरतं. कपाटात सिलिका जेल ठेव आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तेलाच्या फडक्यानं धातू पूस, शेवटी बोटांचे ठसे उरायला नकोत. तेल थोडंच. जास्त झालं तर ओघळून दस्त्याच्या डोक्यात मुरतं आणि लाकूड काळं, मऊ होतं. म्हणून साफ केल्यावर रात्रभर नळ्यांची तोंडं खाली करून उभी ठेव. बिजागरीच्या पिनेला ग्रीसचा एक ठिपका पुरतो.

दस्त्याला जवसाचं तेल. आपल्याकडे जवस मुबलक असलं तरी घाण्याचं खाण्याचं तेल वाळत नाही लवकर, चिकट राहतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं घे. बोटावर दोन थेंब, तळव्यानं चोळून, उरलेलं पुसून टाक. ते फडकं चुरगाळून ठेवू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात बुडवून मग फेक.

सेफ्टी कॅचवर विश्वास ठेवायचा नाही. बॉक्सलॉकमध्ये ती बहुधा फक्त चाप अडवते, घोडे नाही. धक्क्यानं घोडा सुटू शकतो. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डावीचा. ठेवताना स्नॅप कॅप (दारू नसलेली खोटी काडतुसं) घालून दोन्ही चाप ओढ, म्हणजे स्प्रिंगांवरचा ताण उतरतो आणि काडतुसावर आपटणाऱ्या पिना, स्ट्रायकरही वाचतात.

दस्ता तुला लांब वाटेल. कापून घेऊ नकोस, आधी कोट न घालता खांद्याला लावून बघ.

शिकार कायद्यानं बंद आहे, तेव्हा पेंच-बोरच्या जंगलांकडे जाताना ही गाडीत असायचं काहीच कारण नाही. ही नेमबाजीच्या रेंजवर, हवेत उडवलेल्या 'क्ले' तबकड्यांसाठी.

आता परवाना. शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात. २०१६ च्या नियमांनुसार सत्तरी गाठलेल्या किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलेल्या परवानाधारकाला वारसाचं नाव देता येतं, आणि माझी सत्तरी झाली. २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं, वारशाचीही त्यातच धरतात. परवाना पाच वर्षांचा. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, ते आधी करून घे. येताना पत्त्याचा पुरावा आणि फोटो आण. बंदुकीवरचा नंबर आणि माझ्या परवान्यावरचा नंबर मी लिहून ठेवलाय, दोन्ही अक्षरशः जुळतात का ते अर्ज भरण्याआधी तू स्वतः एकदा पडताळून घे.

तुझे,
बाबा