चि. मृण्मयीस: उपग्रहाच्या विजेचा हिशेब

पुणे

चि. मृण्मयी हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या अमेरिकेतल्या शाळेने अंतराळयाने बांधणाऱ्या अभियंत्यांच्या सहकार्याने छोटा उपग्रह तयार करण्याचे काम हाती घेतले, त्या गटात तुझी निवड झाली आणि तुझ्या वाट्याला अँटेना किंवा कॅमेरा न येता पॉवर बजेट, म्हणजे उपग्रहाच्या विजेचा जमाखर्च आला, हे तुझ्या मेलवरून समजले. अभियंत्यांनी तुझे पहिलेच कोष्टक प्रश्न लिहून परत पाठवले म्हणून तू नाराज आहेस आणि हा गट सोडून रोबोटिक्सकडे जावे असे तुझ्या मनात घोळते आहे. माझे मत विचारलेस म्हणून स्पष्ट लिहिते: हे काम तू सोडू नयेस. फोनवर आजीची औषधे आणि डॉक्टरांच्या वेळा यांतच बोलणे संपते, म्हणून सविस्तर पत्र लिहीत आहे.

तू पाठवलेली कोष्टकाची प्रत मी वहीत मांडून तपासली. पृथ्वीजवळ सूर्यप्रकाशातून दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट मिळतात. तुमच्या घनाकृती उपग्रहाची प्रत्येक बाजू दहा सेंटीमीटर लांबीची असल्यामुळे एका पृष्ठावर दोन सौर घट मिळून साधारण ६० चौरस सेंटीमीटर क्षेत्र भरते आणि २९ टक्के कार्यक्षमता धरली तर २.४ वॅट हे तुझे उत्तर येते. गुणाकारात काहीही चूक नाही. परंतु ऊन घटांवर अगदी काटकोनात पडत असेल तेव्हाचेच ते उत्तर आहे. उपग्रह कक्षेत सोडला की तो गिरक्या घेऊ लागतो. तेच पृष्ठ सूर्यापासून ६० अंशांनी कलले की कोसाइन, म्हणजे घटांना मिळणारा उन्हाचा वाटा, अर्ध्यावर येतो आणि तुझे २.४ वॅट १.२ होतात. शिवाय २९ टक्के हा आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात २८ अंश सेल्सिअस तापमानासाठी दिलेला असतो आणि उन्हात घट तापला की तो उतरतो. सगळ्यांत मोठी गोष्ट सावलीची. ५०० किलोमीटर उंचीवरची एक प्रदक्षिणा सुमारे साडेचौऱ्याण्णव मिनिटांची असते आणि त्यांपैकी जवळजवळ ३६ मिनिटे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असू शकतो. त्या वेळात जमा शून्य आणि खर्च मात्र चालूच. त्यातच तुमच्या ग्राउंड स्टेशनवरून, म्हणजे जमिनीवरच्या संपर्क केंद्रावरून, जाताना रेडिओ दहा मिनिटे चालवायचा झाला, तर एक वॅटचा संदेश पाठवण्यासाठी तो बॅटरीतून तीन-चार वॅट खेचू शकतो.

आता अभियंत्यांनी समासात लिहिलेले प्रश्न पुन्हा वाच. सूर्याचा कोन कोणता धरला, घटाचे तापमान किती मानले, सावलीतून बाहेर येताना बॅटरीत किती टक्के उरते. तिन्ही प्रश्न नेमके तेच आहेत, आणि त्यांतला एकही प्रश्न तू लहान आहेस म्हणून सौम्य केलेला नाही. त्यांच्या कार्यालयातल्या अनुभवी माणसाचा कागद समोर आला असता तरी त्यांनी हेच विचारले असते. मला या भागीदारीचे सर्वांत जास्त मोल वाटते ते इथे. शाळेत पाहुणे शास्त्रज्ञ येतात, सुंदर चित्रे दाखवतात, मुले टाळ्या वाजवतात आणि वार्षिक अंकात छायाचित्र छापून येते. त्यातही आनंद आहे, पण मुलांचा कागद त्यात कोणी तपासत नाही. तुझा कागद तपासायला आपला वेळ देणारी माणसे तुला पंधराव्या वर्षी मिळाली आहेत. मी वीज अभियांत्रिकी शिकले, तरी माझी गणिते अशा काटेकोरपणे तपासणारे वरिष्ठ मला नोकरीला लागल्यावरच भेटले.

तुमच्या शेजारच्या व्हर्जिनियात या कामाचा जो पायंडा पडला, तो तू मुळातून समजून घ्यावास असे मला वाटते. अलेक्झांड्रियाच्या थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी या तुमच्यासारख्याच मॅग्नेट, म्हणजे एखाद्या विषयावर विशेष भर देणाऱ्या सरकारी, शाळेने २००६ मध्ये डलेसच्या ऑर्बिटल सायन्सेस कॉर्पोरेशनबरोबर काम सुरू केले. त्यांचा टीजे३सॅट हा उपग्रह १९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री वॉलप्स बेटावरून मिनोटॉर-१ अग्निबाणाने अवकाशात गेला. हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी बांधून कक्षेत गेलेला तो पहिला उपग्रह. जमिनीवरून पाठवलेला मजकूर आवाजात रूपांतरित करून हॅम, म्हणजे हौशी लोकांच्या, रेडिओच्या लहरींवर ऐकवणे, असे त्याचे काम ठरवले होते. आता २००६ आणि २०१३ यांमधले अंतर पाहा. हायस्कूल चार वर्षांचे आणि उपग्रहाला लागली सात वर्षे. म्हणजे ज्यांनी काम सुरू केले ते विद्यार्थी उड्डाणापूर्वीच शाळेतून बाहेर पडले होते, आणि शेवटी ज्यांनी तो पूर्ण केला त्यांना आधीच्या मुलांनी लिहून ठेवलेल्या कागदांवर विसंबावे लागले असणार. त्याच शाळेचा पुढचा उपग्रह, टीजेरिव्हर्ब, नोव्हेंबर २०२२ मध्ये मालवाहू यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे गेला. एवढ्या वर्षांत मुले बदलत राहिली आणि काम पुढे चालत राहिले.

तज्ज्ञ आणि शाळा यांच्यात केवळ देणारा आणि घेणारा असे नाते नसते, याचेही एक उदाहरण आहे. फ्लोरिडातल्या मेरिट आयलंड हायस्कूलच्या मुलांनी केनेडी अंतराळ केंद्रातल्या अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली स्टँगसॅट तयार केला. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या जोडउपग्रहासह तो २५ जून २०१९ रोजी फाल्कन हेवी अग्निबाणावरून गेला. असे छोटे उपग्रह उड्डाणाच्या वेळी सहसा पूर्ण बंद ठेवावे लागतात; या दोघांना मात्र चढणीच्या काळातच कंपने आणि उष्णता मोजायची होती. त्या मोजणीची गरज अभियंत्यांनाही होती.

आपल्या पुण्याचाही इथे संबंध येतो. शिवाजीनगरच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, एक किलोच्या आसपास वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह इस्रोने २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ अग्निबाणाने सोडला. तुझ्या कामाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. उपग्रहाची दिशा स्थिर ठेवण्यासाठी त्यांनी वीज खाणारी यंत्रणा न वापरता आत कायमचुंबक बसवला, जो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतो, आणि सोबत खास धातूच्या कांड्या बसवल्या, ज्यांच्यामुळे गिरक्या हळूहळू मंदावतात. या सगळ्याला विजेचा खर्च शून्य. एवढ्याशा घनात वीज किती अपुरी असते याचा हिशेब मांडल्याशिवाय अशा रचनेचे महत्त्व कळत नाही. कॅमेरा दिवसातून किती वेळा चालवायचा, रेडिओ किती वेळ बोलू द्यायचा, बॅटरीला गरम ठेवणारा हीटर परवडतो की नाही, हे सर्व निर्णय तुमच्या गटातही शेवटी तुझ्या कोष्टकापाशी येऊन थांबतील. अँटेनावर काम करणारी तुझी मैत्रीणही तुलाच विचारायला येईल.

म्हणून माझे दोनच आग्रह आहेत. एक, अभियंत्यांना उत्तर विचारू नकोस, रीत विचार. ते भले लोक आहेत, वेळ कमी असला की एखादे दिवशी स्वतःच कोष्टक भरून देतील, आणि मग तो उपग्रह त्यांचा होईल. दुसरा, प्रत्येक आकड्यासमोर त्याचे एकक, तो कुठून घेतला आणि काय गृहीत धरले हे लिही. दोन वर्षांनी तू कॉलेजला गेलेली असशील आणि आज आठवीत असलेली एखादी मुलगी तुझी फाइल उघडून बसेल. ‘२.४’ एवढेच लिहिलेले तिला काही सांगणार नाही; ‘ऊन काटकोनात, २८ अंश, नवे घट’ असे लिहिले असेल तर ती पुढे जाऊ शकेल.

मॅग्नेट शाळा म्हणजे काय, असे आजीने परवा विचारले. मी सांगितले की ती सरकारी शाळाच असते, फी नसते, पण एखाद्या विषयावर विशेष भर असल्यामुळे दूरदूरच्या वस्त्यांतली मुले तिथे येतात. आजी म्हणाली, म्हणजे लोकांच्या पैशावर चाललेले शिक्षण आहे, तर तिने मन लावून करावे. माझेही म्हणणे तेच आहे.

पुढच्या बैठकीच्या आत कोष्टकात तीन नव्या ओळी घाल. पहिलीत ०, ३०, ६० आणि ८० अंशांचे कोसाइन घेऊन मिळणारे वॅट लिही. दुसरीत तापलेल्या घटाची कार्यक्षमता घे. दर अंशामागे ती किती उतरते ते माहितीपत्रकात दिलेले असते. तिसरीत सावलीतल्या ३६ मिनिटांचा खर्च वॅट-तासांत मांड आणि बॅटरीच्या क्षमतेशी ताडून पाहा. त्रिकोणमितीत अडलीस तर तुमच्या गणिताच्या बाईंना विचार, बॅटरीविषयी मला विचार. इथे रात्री नऊनंतर आजी झोपते, तेव्हा मी मोकळी असते. नवे कोष्टक अभियंत्यांना पाठवण्यापूर्वी मलाही पाठव. बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
आई