संत्र्याच्या कलमांची तपासणी व्हावी

संपादक महोदय,

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण काटोल-नरखेड भागातल्या बागा डिंक्या रोगाने वाळत आहेत, त्याचे काय? बुंध्याजवळची साल तडकते, त्यातून डिंक ओघळतो, पाने पिवळी पडतात. मुळी ओढली तर साल हातात येते. हा रोग आणणारी फायटोफ्थोरा ही बुरशी बहुतेकदा कलमाच्या पिशवीतल्या मातीतूनच शेतात येते. झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात, तोवर रोपवाटिकेची पावतीही हरवलेली असते! आमच्या बागेतही असेच झाले.

शेतकऱ्यानेही कलम घेताना संत्र्याचा डोळा खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर, जमिनीपासून निदान वीतभर उंच बांधलेला आहे का, हे पाहावे. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे (आतले कोरडे, बाहेरचे पाण्याचे) करावे, पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम लावावे. आपल्या काळ्या चोपण जमिनीत पाण्याचा निचरा होत नसेल, तर चर हवेतच. मात्र रोगट कलमच आले तर हे सारे तोकडे पडते. कृषी विभागाने विक्रीआधी प्रत्येक रोपवाटिकेची माती तपासावी आणि खुंट जंभेरीचा की रंगपूर लिंबाचा, हे पावतीवर लिहिणे सक्तीचे करावे. नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिची रोगमुक्त कलमे तालुक्याच्या ठिकाणी मिळावीत.

– एक संत्रा उत्पादक, काटोल (जि. नागपूर)