केसांच्या लाटांसाठी २३० अंश कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र असो की लग्नसराई, खांद्यावर मोकळ्या सोडलेल्या लहरदार केसांची छायाचित्रे पुरवण्यांत हमखास दिसतात. ती पाहून घरी टाँग (केस गुंडाळून लाट घालायची तापणारी नळी) किंवा स्ट्रेटनर हाती घेणाऱ्या मुलींना किती अंश, किती सेकंद, केवढी बट हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. मग लाट तासाभरात उतरली की यंत्राचा आकडा २३० वर नेला जातो, आणि काही आठवड्यांत केसांची टोके केरसुणीसारखी होतात. केशरचनेचे काम करणाऱ्या आम्हा काही जणींना हे थांबावे असे मनापासून वाटते.

लाट उतरते ती उष्णता कमी पडल्यामुळे क्वचितच. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचा तात्पुरता आकार ज्या हायड्रोजन बंधांवर टिकतो, ते उष्णतेने आणि पाण्याने सुटतात व केस गार, कोरडा होताना पुन्हा जुळतात. म्हणजे बट टाँगवरून सुटते तेव्हा लाट अजून पक्की झालेलीच नसते. त्याच क्षणी तिच्यातून बोटे फिरवली किंवा फणी घातली की बट खाली ओढली जाते आणि त्या सरळ अवस्थेतच गार होते. बहुधा बिघडते ते इथेच. म्हणून सुटलेली बट क्षणभर तळहातावर झेलावी, मग सोडून द्यावी आणि सगळे डोके झाल्यावर किमान दहा मिनिटे हात लावू नये.

अंशांचे म्हणाल तर बारीक, रंगवलेल्या किंवा स्मूदनिंग केलेल्या (रसायनाने सरळ, मऊ केलेल्या) केसांना १५० च्या वर जाऊ नये, मध्यम केसांना १६० ते १७० पुरतात, दाट-राठ केसांना १८०. स्मूदनिंग केलेल्या केसांत लाट मुळातच कमी धरते. तिथे आकडा वाढवून उपयोग होत नाही, नुकसान तेवढे होते. यंत्र घेताना अंश दाखवणारे आणि कमी-जास्त करता येणारेच घ्यावे.

नळीच्या जाडीचा विचार सहसा कोणी करत नाही. खांद्यापर्यंतच्या केसांत माथ्यावरची बट साधारण तीस सेंटिमीटर असते. मुळाकडचे आठ-दहा आणि टोकाकडचे दोन-तीन सेंटिमीटर मोकळे सोडले की गुंडाळायला अठरा-वीस उरतात. ३२ मिलिमीटरच्या नळीचा घेर दहा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन वेढे बसतात आणि लाट सैल, मऊ येते. १९ ची नळी घेतली तर तीन वेढे बसून स्प्रिंगसारखे कुरळे केस होतात. ३८ ची घेतली तर दीड वेढा. टोक जरा वळते, बाकी काही दिसत नाही. मानेवरचे केस जेमतेम बारा-पंधरा सेंटिमीटर असतात. त्यांना एकच वळण द्यावे. तिथे ओढाताण केली तर मान भाजते.

केस आदल्या दिवशी धुतलेले बरे. त्याच दिवशी धुतलेले केस निसरडे असतात, आकार धरत नाहीत. कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावावा. टाँग लावताना केस पूर्ण कोरडे हवेत. चर्र आवाज आला किंवा वाफ निघाली तर तिथेच थांबावे, कारण केसाच्या आत अडकलेले पाणी उकळून बुडबुडे होतात आणि पुढे केस नेमका तिथेच तुटतो. हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवणारा फवारा) फवारल्यावर तोही वाळू द्यावा. त्याऐवजी खोबरेल चालत नाही. तापलेल्या नळीवर ते धुरते आणि बटा चिकट होऊन लोंबतात. तेल आदल्या रात्री लावावे आणि धुऊन काढावे.

कानाच्या रेषेवर केसांचे वर-खाली दोन भाग करून वरचा भाग चापाने बांधावा. खाली चार, वर सहा ते आठ बटा, प्रत्येक दोन बोटे रुंद. टाँग उभा धरून, चिमटा न दाबता, डोळ्याच्या उंचीपासून बट बाहेरून गुंडाळावी आणि सहा ते आठ सेकंद धरावी. टाँग आडवा धरला की लाटेऐवजी गुंडाळी होते. चेहऱ्याजवळच्या दोन्ही बटा चेहऱ्यापासून दूर वळवाव्यात, बाकीच्या आलटून पालटून. सगळ्या एकाच दिशेला गेल्या तर मिळून एकच मोठी वळकटी दिसते. टोके सरळ सोडणे खांद्यापर्यंतच्या केसांना फारच गरजेचे आहे, कारण वळलेले टोक खांद्यावर टेकून बाहेर उडते. स्ट्रेटनर वापरणाऱ्यांनी अर्धा पीळ देऊन तो न थांबता खाली न्यावा; मध्येच थांबले की आडवी मोड पडते आणि ती धुतल्याशिवाय जात नाही. गार झाल्यावर रुंद दात्यांची फणी, मग सिरमचे दोनच थेंब, तेही फक्त टोकांना.

कोल्हापूरचा पाऊस लक्षात घ्यायलाच हवा. जून ते सप्टेंबर हवेतली ओल केसात शिरून तेच हायड्रोजन बंध पुन्हा सोडवते. त्या दिवसांत लाट हवी त्यापेक्षा थोडी घट्ट घालावी आणि हलका हेअर स्प्रे मारावा. यंत्र नको असेल तर रात्री सैल वेण्या हा उत्तम उपाय. आमच्या मते रोजच्यासाठी तोच योग्य. केस जवळजवळ सुकलेले, हाताला फक्त गार लागतील इतपतच दमट असावेत. मोठ्या लाटेसाठी दोन वेण्या, बारीक लाटेसाठी चार, कानापासून खाली, आणि शेवट रबराऐवजी कापडी बँडने बांधावा. ओल्या केसांच्या वेण्या जुलैत सकाळपर्यंत वाळतच नाहीत. सुटल्यावर लाट लगेच पडते, शिवाय टाळू खाजते. आधी वीस मिनिटे पंख्याखाली बसावे.

दुचाकीवर स्कार्फ बांधल्याने लाटा चपट्या होतात. निघताना केस वर घेऊन सैल अंबाडा घालावा, पोहोचल्यावर सोडावा. गजरा पाणी शिंपडलेला असतो, म्हणून तो झटकून, लाटा गार झाल्यावर, मागे पिनांनी बांधलेल्या केसांवरच माळावा. मोकळ्या लाटांवर माळला तर तेवढा भाग ओला होऊन सरळ होतो.

पुरवणीत केशरचनेचे छायाचित्र छापताना त्याखाली एका ओळीत अंश, सेकंद आणि नळीची जाडी द्यावी, ही आपणास कळकळीची विनंती.

आपल्या,
केशरचना व्यवसायातील काही भगिनी,
राजारामपुरी, कोल्हापूर