‘फक्त संशोधनासाठी’ विकल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

दुखावलेला खांदा, गुडघा लवकर भरून येतो म्हणून बीपीसी-१५७ या पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची, छोटी साखळी) कुप्या ऑनलाइन विकल्या जातात. लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही’. सोबत मात्र बॅक्टेरिओस्टॅटिक वॉटर (पावडर विरघळवायचे, जंतूंची वाढ रोखणारे पाणी), इन्सुलिनच्या सिरिंजा आणि किती युनिट टोचायचे याचा तक्ता. उंदरांवर प्रयोग करणारी कुठली प्रयोगशाळा असा संच मागवते?

पेप्टाइड म्हटले की संशय घ्यावा असे नाही. ३४ अमिनो आम्लांचे टेरिपॅराटाइड रीतसर चाचण्यांतून गेले आणि आज ठिसूळ हाडांसाठी डॉक्टर ते लिहून देतात. बीपीसी-१५७ची १५ अमिनो आम्लांची साखळी मात्र मुख्यतः क्रोएशियातील झाग्रेबच्या संशोधक गटाने उंदरांच्या कंडरांवर केलेल्या प्रयोगांवर उभी आहे. माणसांवरच्या मोठ्या नियंत्रित चाचण्या नाहीत. २०२२पासून ती ‘वाडा’च्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदी यादीतही आहे, हे तालमीतल्या मुलांना कोण सांगणार?

घोळ होतो तो मोजमापात. कुपीतल्या ५ मिलिग्रॅम पावडरीत २ मिली पाणी घातले की दर मिलीला २.५ मिलिग्रॅम. परदेशी तक्ते मिलीला १०० युनिटच्या सिरिंजचे असतात: १० युनिट म्हणजे ०.१ मिली, २५० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे लाल टोपणाची, मिलीला ४० युनिटची सिरिंज सर्रास मिळते. तिच्यावरचे १० युनिट म्हणजे ०.२५ मिली, ६२५ मायक्रोग्रॅम. थेट अडीच पट.

‘एचपीएलसी ९९ टक्के’ या (शुद्धता मोजणाऱ्या चाचणीच्या) प्रमाणपत्रावर तर अजिबात विसंबू नये. त्यातून जंतू किंवा एंडोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणातले विष) कळत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये जंतू अडकतात, एंडोटॉक्सिन पार होते आणि टोचल्यावर थंडी-ताप भरतो. पावडरीतले पाणी आणि क्षारही त्या ९९ टक्क्यांत धरलेले नसतात.

आमची मागणी एवढीच: औषध निरीक्षकांनी ग्राहक म्हणून संच मागवावा आणि कुप्या, पाणी, सिरिंजा, तक्ता व पैसे भरल्याची पावती एकाच पंचनाम्यात घ्यावी. नुसती कुपी जप्त केली की विक्रेता ‘संशोधना’ची सबब पुढे करतो, तक्ता सोबत असला की १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील औषधाची व्याख्या लागू होते. निर्जंतुकतेच्या चाचणीसाठी सीलबंद कुप्याच पाठवाव्यात. एंडोटॉक्सिनची चाचणी आणि ओळख पटवायला मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूचे वजन मोजणारी चाचणी (बीपीसी-१५७चा रेणुभार सुमारे १४१९.५) करावी. गुन्हा नोंदवायला मात्र त्या अहवालांसाठी थांबू नये. विनापरवाना विक्रीला त्याच कायद्याचे कलम १८(सी) पुरेसे आहे.

आपले,
राज्यातील काही औषधनिर्माते व क्रीडावैद्यकातील डॉक्टर