कॅरनच्या खडकावरून मित्रास पत्र

एनिस, काउंटी क्लेअर
4 नोव्हेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आयर्लंडमधल्या बरन या खडकाळ मुलखात नुसता दगडच असेल तर तिथली माणसे जगतात तरी कशावर, असे तू गेल्या पत्रात विचारले होतेस. तिथल्या कॅरन गावी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता.

कॅरन म्हणजे एक चर्च, एक पब आणि दूरदूर विखुरलेली शेतघरे. भोवतीच्या करड्या टेकड्यांचा चुनखडक सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी साचला; त्यावरची माती काही हिमनद्यांनी नेली आणि काही पहिल्या शेतकऱ्यांच्या जंगलतोडीनंतर वाहून गेली. उरलेली फरशी पावसाने भेगाळली आहे. एका भेगेत मी कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा आत दमट गारवा होता आणि जिभेसारख्या लांब पानांचा नेचा बोटांना लागला. पाणीही असेच आत राहते. गावाखालच्या खोलगट माळावर हिवाळ्यात मोठे तळे भरते आणि उन्हाळ्यात ते जमिनीतल्या भोकांतून उतरून गेले की तिथे गुरे चरतात. पाणी कुठवर चढते, ते गडग्याच्या दगडांवरचे काळे शेवाळ दाखवते.

आयर्लंडवर चालून आलेल्या इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यातला लडलो नावाचा सेनानी 1651 साली येथे आला होता. माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही, असे त्याने या मुलखाचे वर्णन केले, आणि तेवढेच सगळे सांगत बसतात. पण पुढे त्यानेच लिहिले आहे की येथली गुरे चांगली धष्टपुष्ट आहेत, कारण खडकांमधल्या हातभर तुकड्यांवरचे गवत गोड आणि पौष्टिक आहे. तुझ्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या भागात आहे.

इतरत्र गुरे उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, येथे मात्र हिवाळ्यात. चुनखडक उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवतो, पाणी झिरपून गेल्याने जमीन कोरडी राहते, आणि गुरे वसंतापर्यंत तिथले वाळके गवत खातात. ते गवत निघाले की खालच्या रोपांना उजेड मिळतो, म्हणूनच मे महिन्यात आल्प्समधल्यासारखे गडद निळे जेन्शियन आणि भूमध्य समुद्राकाठचे ऑर्किड येथे एकाच कुरणात फुलतात. चराई थांबली तर हेझलची झुडपे सगळे झाकून टाकतात. म्हणून 2010 साली सुरू झालेल्या योजनेत प्रत्येक कुरणाला 1 ते 10 गुण देऊन त्यानुसार शेतकऱ्याला पैसे देऊ लागले. फुलांचा मोबदला गुराख्याला मिळावा, हे मला फार न्याय्य वाटते.

गावापासून थोड्या अंतरावर पोलनाब्रोन हे दगडी थडगे आहे: उभ्या शिळांवर तिरकी ठेवलेली एक प्रचंड फरशी. 1986 साली सुरू झालेल्या उत्खननात तेथे तीसहून अधिक माणसांची हाडे सापडली, ती पाच हजार वर्षांहून जुनी. एका माणसाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचे टोक अजून रुतलेले होते. या नावाचा अर्थ ‘दुःखाची खळगी’ असा पुष्कळदा सांगतात, पण तो चुकीचा. खरा अर्थ जात्याची खळगी. दळणाऱ्या माणसांच्या जागेला दळणाचेच नाव शोभते.

मायकेल क्युसॅक याच गावचा. तो 1847 मध्ये, बटाट्याच्या दुष्काळाच्या सर्वांत भीषण वर्षी, आयरिश बोलणाऱ्या घरात जन्मला. 1884 साली थर्ल्समध्ये आयरिश खेळांची संघटना स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता. आज देशातल्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात तिचे मैदान आहे.

गेल्या रविवारी एका शेतकऱ्याच्या कळपामागून मी डोंगर चढलो. म्हाताऱ्या गायींना वाट पाठ होती; खिंडीतल्या फाटकाशी त्या आपणहून थांबल्या आणि ते उघडताच मान खाली घालून चरू लागल्या. मे महिन्यात तू ये. याच कुरणात आपण जेन्शियन पाहू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ असावा.

तुझा मित्र