मृत्यूवरचे गेम आणि आपली परीक्षणे

महोदय,

मृत्यू हाच विषय असलेल्या संथ व्हिडिओ गेमवर हल्ली वर्तमानपत्रांतून चार ओळी येऊ लागल्या आहेत, हे चांगलेच. पण त्या वाचताना सिनेमाचे परीक्षण वाचतोय असे वाटते. गोष्ट काय, चित्रे कशी, संगीत कसे, शेवटी डोळे पाणावले की नाही. खेळणाऱ्याच्या हाताला काय काम दिले होते आणि ते कुठे अडले, याचा उल्लेखच नसतो. या गेमांमधले मरण मात्र तिथेच सापडते.

'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३) घ्या. ज्यांना तो अजून खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. कंट्रोलरची डावी स्टिक (चालवायची दांडी) आणि डावा ट्रिगर (बोटाने ओढायचे मागचे बटण) थोरल्या भावाचा, उजवी स्टिक आणि उजवा ट्रिगर धाकट्याचा. धाकट्याला पाण्याची धास्ती. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला बिलगतो आणि पोहण्याचे सगळे काम डावा हात करतो. पुढे थोरला जातो आणि डाव्या हाताला कामच उरत नाही. मग पुन्हा पाणी आडवे येते. उजव्या बाजूचे काहीही दाबा, धाकटा काठावरच घुटमळतो. कोणते बटण दाबायचे ते पडद्यावर लिहून येत नाही. कधीतरी, सवयीने म्हणा की वैतागून म्हणा, थोरल्याचा डावा ट्रिगर दाबला जातो आणि पोरगा पाण्यात उतरतो. दोनतीन तास हाताला वळण लागलेले नसेल तर या एका दाबाला काहीच अर्थ नाही. म्हणूनच यूट्यूबवर हा प्रसंग नुसता पाहणाऱ्याला त्यात विशेष काही दिसत नाही.

आता त्याच्या शेजारी 'कॉल ऑफ ड्यूटी: ॲडव्हान्स्ड वॉरफेअर' (२०१४) हा युद्धाचा गेम ठेवा. सहकाऱ्याच्या शवपेटीसमोर उभे राहिले की संगणकावर सूचना झळकते: श्रद्धांजलीसाठी एफ दाबा. त्याची जगभर टिंगल झाली आणि चॅटमध्ये नुसते 'एफ' लिहिण्याची प्रथा पडली ती तिथूनच. इथेही बटणच होते, मग फसले कुठे? त्या बटणाला आधीचा इतिहास नव्हता, नकार द्यायची सोय नव्हती आणि दाबल्याने हाताला काही कमी-जास्त जाणवत नव्हते. अर्ज भरताना 'मान्य आहे'वर टिचकी मारावी, तसला प्रकार.

जेसन रोररचा 'पॅसेज' (२००७) पाच मिनिटांत संपतो. १०० बाय १६ पिक्सेलची एवढीशी पट्टी. वाटेत जोडीदार भेटते. तिला सोबत घेतले की अरुंद फटींतून जाता येत नाही आणि काही खजिने दिसूनही हाती लागत नाहीत. केस पिकतात, आधी ती जाते, चाल मंदावते, मग आपणही थडग्याचा दगड होतो. कोपऱ्यातले गुण तेवढे तसेच राहतात. एवढ्यात सगळे आले.

'द ग्रेव्हयार्ड'मध्ये (२००८) म्हातारी बाई कब्रस्तानातून लंगडत बाकापर्यंत जाते, बसते, गाणे होते, उठून परत येते. मोफत आवृत्ती आणि विकतची आवृत्ती यांत फरक एकच: विकतच्या आवृत्तीत ती मरू शकते. मरेलच असे नाही.

कॅन्सर झालेल्या आपल्या मुलावर आईवडिलांनी केलेल्या 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'मध्ये (२०१६) एक हॉस्पिटलातली रात्र आहे. पोर तहानेने रडते आहे, प्यायला दिले तर उलटते. सगळी बटणे चालतात, उपयोग एकाचाही होत नाही. 'इथे गेमप्ले (प्रत्यक्ष खेळण्याचा भाग) कमी पडतो' असे म्हणून गुण कापणाऱ्याला काय सांगावे?

'स्पिरिटफेअरर'चे (२०२०) वजन उलट रोजच्या कामात आहे. मेलेल्यांना पलीकडे पोचवणारी नाव आपल्या हाती असते. तिच्यावर आलेल्या प्रत्येकाला खोली बांधून द्यायची, आवडीनिवडी सांभाळून जेवू घालायचे (तोच पदार्थ लागोपाठ दिला तर नाक मुरडतात), मिठी मारायची आणि तो म्हणेल तेव्हा पलीकडच्या दारापाशी सोडून यायचे. गेलेल्याची खोली पाडता येत नाही, फक्त इकडून तिकडे हलवता येते. नावेवर जागेची मारामार सुरू झाली की ती रिकामी खोली दर वेळी आड येते. विस्मरण जडलेल्या ॲलिसला हाताला धरून नावेच्या टोकापर्यंत न्यावे लागते, तेही तिच्याच चालीने. घाईघाईत, पंधरा मिनिटांचा तुकडा काढून खेळाल तर हा गेम नुसती हमाली वाटेल.

'बिफोर युअर आइज'बद्दल (२०२१) मात्र जरा व्यवहाराचे लिहायला हवे, कारण अनेकांचा तो यंत्राच्या बाजूनेच बिघडतो. यात मेलेल्या एकाच्या आठवणी त्याच्याच डोळ्यांनी पाहायच्या असतात आणि वेबकॅम तुमच्या पापण्या पाहतो. पडद्याच्या तळाशी मेट्रोनोम (ताल मोजणारा लंबक) दिसू लागला की पुढच्या उघडझापीला प्रसंग संपतो आणि काळ पुढे उडी मारतो. आईचे वाक्य अर्धवट राहिले तर राहिले. म्हणून दिवा पाठीमागे नको, समोर हवा. खिडकीकडे पाठ केली तर चेहरा काळवंडतो आणि पापणी पकडली जात नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला ठेवा. खालून रोखलेल्या कॅमेऱ्याला खाली पाहणारी नजरही मिटलेली वाटू शकते. चष्म्यावर पडद्याची चमक येत असेल तर पडद्याचा उजेड कमी करा. सुरुवातीची कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याला तुमचे डोळे ओळखू देण्याची जुळणी) घाईने उरकू नका, आणि मध्ये खुर्ची सरकवली तर ती पुन्हा करा. साधारण दीड तास लागतो, तो एका बैठकीत द्यावा. पापण्यांऐवजी माउसने खेळण्याची सोय आहे. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती हवीच, पण परीक्षण लिहिणाऱ्याने कंटाळा म्हणून ती वापरू नये. बोट कितीही वेळ आवरता येते. डोळा चुरचुरायला लागला की पापणी पडतेच, आणि सारा खेळ त्या चुरचुरण्यावर उभा आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की अशा गेमवर लिहिताना किती वेळ लागतो, कशाने खेळायचा आणि हात कुठे अडतो, हे आधी छापावे. लहान मुलाचे आजारपण किंवा आत्महत्या असे काही असेल तर पहिल्याच ओळीत सांगावे. तेवढ्याने रहस्य फुटत नाही. आणि तारे द्यायचेच असतील तर गेम स्वतः खेळून द्यावेत.

आपला,
एक वाचक