रस्ते खात्यातला नट

चि. अमेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी सोडून पूर्णवेळ नाटक करायचं म्हणतोस, पण फोनवर त्या राजीनाम्याचा विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो, म्हणून लिहायला बसलो. रात्री तालमीवरून आल्यावर वाच. घाई नाही.

डॉ. लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते आणि घाणेकर दातांचे, हे तुझे दोन हुकमी एक्के मला पाठ झालेत. पण बाबा रे, ते दोघं नायक झाले. त्यांच्या नावावर तिकीट खपायचं. तुला या नाटकातही हवालदारच मिळालाय, आणि तू धुसफुसतोयस ते त्यामुळे, हे आईने ओळखलं. तेव्हा ज्याच्या नावावर वर्षानुवर्षं तिकीट खपलं नाही आणि तरी जो जवळजवळ सत्तर वर्षं कामात राहिला, असा माणूस तुला जास्त उपयोगाचा. त्यात तो निघाला माझ्याच खात्यातला.

जेम्स हाँग. नाव ऐकलं नसशील, पण आवाज लहानपणापासून ओळखतोस. ‘कुंग फू पांडा’मधला तो नूडल्सचं दुकान चालवणारा हंस, पांडाचा बाप, तो आवाज याचा. जन्म १९२९ चा, मिनिआपोलिसचा, चिनी कुटुंबातला. शिकला सिव्हिल. सुरुवात मिनेसोटा विद्यापीठात, पुढे लॉस एंजेलिसला यूएससीत, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात. मग तिथल्या काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, रस्ते खात्यात इंजिनिअर म्हणून चिकटला. १९५४ मध्ये ग्रुचो मार्क्स या विनोदी नटाच्या कार्यक्रमात जाऊन त्याने नकला केल्या, त्यात खुद्द ग्रुचोचीही त्याच्या तोंडावर केली. लोकांना पोरगा आवडला, कामं यायला लागली. १९५५ च्या ‘सोल्जर ऑफ फॉर्च्युन’मध्ये तो क्लार्क गेबल या बड्या नायकाबरोबर पडद्यावर आला.

आणि या काळात नोकरी? चालूच होती. हक्काची रजा, आजारपणाची रजा, जी मिळेल ती टाकून तो शूटिंगला जायचा. हे वाचल्यावर मी मोठ्याने हसलो. आमच्याकडे खडीकरणाच्या ऐन हंगामात कुणाचं पोट दुखायला लागलं की साहेब विचारायचे, ‘कुठल्या गावची जत्रा आहे?’ हाँगच्या साहेबाला सिनेमाची शंका आली असेल का कोण जाणे. दोन्हीकडे पाय ठेवून त्याने दीडेक वर्ष काढलं आणि मगच नोकरी सोडली. माझं म्हणणं एवढंच आहे. सोडू नकोस असं मी म्हणतच नाहीये.

आता त्याला कामं कसली मिळाली ते बघ. घरगडी, धोबी, वेटर, शत्रूच्या फौजेतला अधिकारी, अफूच्या अड्ड्यावरचा कुणीतरी. १९५७ मध्ये चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराच्या मालिकेत त्याला थोरल्या मुलाची भूमिका मिळाली, आणि बापाच्या, म्हणजे चिनी गुप्तहेराच्या भूमिकेत होता एक गोरा नट! तिथे एका चुकलेल्या वाक्यावरून त्या नटाचा पारा चढला आणि हाँगला मालिकेतून जावं लागलं, असं त्याने स्वतः सांगितलंय. त्याच्या आधी १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकरी नवरा-बायको दोघंही गोरे होते, आणि त्या बायकोच्या भूमिकेला ऑस्कर मिळालं. त्यामुळे ‘लहान भूमिकेतही केवढा आनंद असतो’ असलं गोडगोड मी तुला सांगणार नाही. हाँगला लहान भूमिका त्याच्या मापाच्या म्हणून मिळाल्या नव्हत्या. मोठं दार त्याच्या चेहऱ्याच्या माणसांना बंद होतं. तुझ्यापुढचं दार तसं बंद नाही, तिथे फक्त गर्दी आहे. दोन्हींत फरक आहे आणि तो तू मान्य करावास.

तक्रार करत बसण्याऐवजी त्याने काय केलं, ते मला सगळ्यांत आवडलं. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये माको वगैरे नटांबरोबर त्याने ‘ईस्ट वेस्ट प्लेयर्स’ नावाची नाटक कंपनी काढली. सुरुवात एका चर्चच्या तळघरात, पहिलं नाटक ‘राशोमोन’. सिनेमात जी माणसं चहाचा ट्रे घेऊन यायची, ती इथे अख्खं नाटक पेलायची. कंपनी अजून चालू आहे. तुमचा ग्रुप एकमेकांच्या पोस्टरवरच्या नावांच्या क्रमावरून जेवढा वेळ भांडतो तेवढ्यात तुमचीही एखादी नवी एकांकिका उभी राहील. असो, हा टोमणा होता.

आता तुझ्या हवालदाराबद्दल. १९९१ मध्ये ‘साइनफेल्ड’ या अमेरिकन विनोदी मालिकेचा एक भाग आला होता, सगळा एका चायनीज हॉटेलच्या दारात घडणारा. तिघं मित्र टेबलाची वाट बघत उभे आहेत आणि हाँग आहे टेबल देणारा माणूस. बास, एवढंच काम. कुणी विचारलं की तो म्हणतो, ‘पाच-दहा मिनिटं’. मागून आलेले लोक पुढे जाऊन बसतात. तिघांतला एकजण फोनची वाट बघत असतो. फोन येतो, हाँग हॉटेलभर ओरडतो, ‘कार्टराइट!’ नाव भलतंच, त्यामुळे कुणी हलत नाही. तो फोनवर शांतपणे सांगून टाकतो की इथे असं कुणी नाही. शेवटी तिघं वैतागून निघून जातात, आणि दार मिटतंय तोच हा तिघांतल्या एकाचं नाव घेऊन हाक मारतो, ‘साइनफेल्ड!’

हा भाग दोनदा बघ. पहिल्यांदा हसून घे. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त हाँगकडे बघ. तो विनोद करतच नाही. त्याच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा नाही, माज नाही, प्रेक्षकांकडे चोरटी नजर नाही. त्याच्यासमोर नोंदवही आहे, मागे भरलेलं हॉटेल आहे, आणि ही तिघं त्याच्या लेखी आजच्या संध्याकाळचं एक गिऱ्हाईक. ‘पाच-दहा मिनिटं’ तो दर वेळी पहिल्यांदाच म्हणाल्यासारखं म्हणतो. तुझा हवालदार मात्र, मागच्या प्रयोगात मी पाहिला, हशा येण्याआधी अर्धा क्षण थांबतो. टाळीची वाट बघणारा हवालदार मी चौकीत तरी कधी पाहिलेला नाही. (इथे मला पूल आणि मोरीचा एक दाखला सुचला होता. आई म्हणाली, खात्यातून निवृत्त झालात ना आता?)

पुढचं भराभर सांगतो. १९७४ चा ‘चायनाटाउन’, त्यात बंगल्यावरचा नोकर. १९८२ चा ‘ब्लेड रनर’, त्यात कृत्रिम डोळे बनवणारा म्हातारा, अंगावर फरचा जाडजूड कोट, गोठवणाऱ्या खोलीत तोंडातून वाफा. मिनिटं मोजकी, पण सिनेमा विसरलेल्यांनाही तो म्हातारा आठवतो. १९८६ च्या ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’त खलनायक, मनसोक्त. सिनेमा, मालिका, आवाज सगळं धरलं तर भूमिका सहाशेच्या वर सांगतात.

२०२२ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध फूटपाथवर त्याच्या नावाचा तारा बसला. त्या ताऱ्याला शुल्क लागतं, हे मला माहीतच नव्हतं! डॅनियल डे किम या नटाने लोकांकडून वर्गणी काढली आणि काही दिवसांतच पैसे जमले. त्याच वर्षी ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ आला. त्यात हा चाकाच्या खुर्चीतला आजोबा. २०२३ मध्ये त्यातल्या नटसंचाला नटांच्या संघटनेचं बक्षीस मिळालं, तेव्हा हा ९४ वर्षांचा गडी मंचावर बोलला. आशियाई नट पुरेसे चांगले नाहीत, त्यांच्या नावावर पैसा येत नाही, असं पूर्वी निर्माते म्हणायचे, ते त्याने सभागृहाला ऐकवलं आणि म्हणाला, आता बघा आमच्याकडे.

तर आता व्यवहाराचं. मार्चपर्यंत थांब, बोनस हातात पडू दे. पुण्यातलं भाडं आणि जेवण मिळून वर्षाचा खर्च किती, ते कागदावर मांड आणि तेवढे पैसे बाजूला पडले की राजीनामा दे. मी आडवा येणार नाही. आई तर आधीच तुझ्या बाजूला आहे, ते तुला ठाऊक आहेच. मधल्या काळात साचलेल्या रजा वापर, त्या कंपनीला दान करू नकोस.

पुढच्या प्रयोगाची दोन तिकिटं काढून ठेव. पास नको, आम्ही पैसे देऊन बघणार. आणि आईला गुडघ्यामुळे जिने चढवत नाहीत, तेव्हा बाल्कनी घेऊ नकोस.

तुझा,
बाबा